भांड्यावरचं नाव

लग्नसराईत माजलगावच्या बाजारातून चाललं की भांड्यांच्या दुकानांपाशी एक बारीक किरकिर ऐकू येते. दुकानातला पोरगा पेनाएवढं यंत्र मुठीत धरून स्टीलच्या डब्यावर नाहीतर पितळी समईच्या बुडाला नाव घालत असतो. ठिपक्याला ठिपका लागत जातो आणि अक्षर उमटतं. समोर गिऱ्हाईक चिठ्ठी धरून उभं असतं आणि दर दोन अक्षरांनी बजावत असतं, ‘रुक्मिणीतली णी दीर्घ काढ बरं का.’ कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, आणि खाली तारीख. एवढा मजकूर बसला की भांडं कागदात गुंडाळलं जातं.

या नावांना गावात फार मोल असतं. गावजेवणाला गेलेल्या परातींचा आणि पातेल्यांचा ढीग दुसऱ्या दिवशी निवडायचा असतो, तेव्हा ज्याचं त्याच्या घरी जातं ते या ठिपक्यांच्या जोरावर. माणूस गेल्यावर वीस-तीस वर्षांनी फडताळातली कळशी खाली काढावी आणि तिच्या गळ्यापाशी मामाचं नाव निघावं, हा अनुभव बहुतेक घरांत आहे. देणारा त्यावर असतो, घेणारा असतो, प्रसंग असतो. ज्याने ती कळशी ठोकून घडवली त्या तांबटाचं नाव मात्र नसतं. गेली काही वर्षं मी जुन्या भांड्यांवरचे लेख वाचतो आहे ते या एका रिकाम्या जागेमुळे.

धातूवर लिहिण्याची गोष्ट आमच्या तालुक्याला नवी नाही. गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुरुषोत्तमपुरी आहे. धोंड्याच्या महिन्यात तिथे जत्रेला रीघ लागते. या गावी देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातले ताम्रपट मिळाले. शके १२३२, म्हणजे इसवी सन १३१०. राजाच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याने ब्राह्मणांना अग्रहार दिला, त्याची ही नोंद संस्कृतात, नागरी लिपीत कोरलेली आहे. वा. वि. मिराशींनी तिचं वाचन करून ते प्रसिद्ध केलं. कागद कुजतो, कापडाला कसर लागते. तांब्यावरचा शब्द सहाशे वर्षांनी जमिनीतून निघाला तरी वाचता येतो, हे त्या देणाऱ्याला नक्की ठाऊक असणार.

ताम्रपटावर अक्षर खोदायचं आणि खाच तशीच रिकामी ठेवायची, एवढंच काम असतं. त्या खाचेत दुसरा धातू ठोकून बसवला तर? पिवळ्या पितळेच्या अंगात पांढरी चांदी, चांदीशेजारी लाल तांबं. मग अक्षर लांबूनही वाचता येतं, दिव्याच्या उजेडात चमकतं, आणि भांडं मजकुराचा कागद न राहता दागिना होतं. ही विद्या बाराव्या शतकात इराणच्या पूर्वेकडच्या खुरासान प्रांतात बहराला आली. तिचं मोठं केंद्र होतं हेरात, जे आज अफगाणिस्तानात आहे.

हेरातची एक बादली आज रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. बादली म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी ती नाही. गोलसर पोटाची, वर कमानीसारखी कडी असलेली, वीतभरही उंच नसलेली लहानशी डोलची म्हणावी अशी. १८८५ मध्ये ती बुखाऱ्याला विकत घेतली गेली आणि पुढे ज्या रशियन सरदाराकडे होती त्याच्या नावाने बोब्रिन्स्की बादली म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. मला ते नाव खटकतं. कारण या बादलीवर इतकी नावं आधीच लिहिलेली आहेत की तिला आणखी एका नावाची गरज नव्हती.

काठावर फारसीत लिहिलं आहे की हे काम अब्दुर रहमान बिन अब्दुल्ला अल-रशीदी याने फर्मावलं. भांडं घडवलं मुहंमद बिन अब्दुल वाहिद याने. त्यावरचं काम मसऊद बिन अहमद या हेरातच्या नक्काशाचं. आणि ते कुणासाठी, तर ख्वाजा रुक्नुद्दीन या झंजानकडच्या व्यापाऱ्यासाठी. त्याला तिथे व्यापाऱ्यांचं भूषण, मुसलमानांचा विश्वासू अशा पदव्या लावल्या आहेत. कडीवर महिना आणि साल: मुहर्रम ५५९ हिजरी, म्हणजे डिसेंबर ११६३. म्हणजे कुणाकडून, कुणाला आणि तारीख. आमच्या दुकानातल्या चिठ्ठीवर असतं ते सगळं आहेच. शिवाय जे आमच्या कळशीवर नसतं तेही आहे, घडवणाऱ्याचं आणि नक्षी करणाऱ्याचं, अशी दोन वेगळी नावं. दोघांनी काम वाटून घेतलं होतं आणि दोघांनीही सही केली.

आपण रोज वापरतो तो ‘नक्षी’ हा शब्द अरबी ‘नक्श’पासून आलेला आहे, आणि मसऊदने स्वतःला जे म्हटलं तो नक्काश त्याच शब्दाच्या पोटातला. तबक, तस्त, सुरई, कारागीर, कारखाना, फर्मावणं, हे सगळे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन इथलेच झाले. त्या बादलीवरचा काठ कुणी मोठ्याने वाचून दाखवला तर मराठी कानाला त्यातले चार-दोन शब्द परके वाटणार नाहीत.

बादलीच्या अंगावर आडवे पट्टे आहेत. काही पट्टे चित्रांचे: घोडेस्वार, गाणारे-वाजवणारे, सोंगट्या खेळणारे, प्याले हातात घेतलेले. काही अक्षरांचे. या अक्षरांपाशी मात्र थांबावंच लागतं. एका पट्ट्यातली कूफी लिपी ताठ, कोनदार आहे आणि तिच्या उभ्या रेघांची वेणीसारखी गुंफण केली आहे. दुसऱ्या पट्ट्यातल्या अक्षरांना चक्क माणसांची डोकी आहेत. उभी रेघ वर जाते आणि टोकाला एक चेहरा होतो. अक्षरांचीच माणसं झाली आहेत. वाचणाऱ्याला आधी मिरवणूक दिसते, मजकूर मागाहून लागतो.

आणि तो मजकूर काय, तर आशीर्वाद. या घराण्यातल्या भांड्यांवर शतकानुशतकं जवळपास तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात: मान, भरभराट, सत्ता, सुख, आरोग्य, दीर्घायुष्य, हे सगळं या भांड्याच्या धन्याला लाभो. पाणी ओतताना, हात धुताना, तबक पुढे करताना दर वेळी ते भांडं आपल्या धन्याला आशीर्वाद देत राहायचं. नेमकं नाव न घालता नुसतं ‘धन्याला’ असं लिहिलं की भांडं बाजारात कुणालाही विकता येई. नाव घातलेली बादली ही खास सांगून करवून घेतलेली वस्तू होती आणि तिचा धनी राजा नव्हे तर व्यापारी होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. बाजारपेठेच्या गावातल्या माणसाला ती जवळची वाटावी.

१२२१च्या सुमारास मंगोलांनी हेरातची राखरांगोळी केली. पण विद्या मेली नाही. इराकातल्या मोसुलमध्ये ती फुलली. तिथल्या शुजा बिन मनआ याने १२३२ मध्ये केलेली, चांदी-तांबं जडवलेली पितळी सुरई ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तिच्यावरही करणाऱ्याचं नाव व साल आहे. पुढे पंधराव्या शतकात तैमूरच्या वंशजांच्या काळी हेरात पुन्हा उभं राहिलं, तेव्हा छोट्या पोटाच्या पितळी झाऱ्यांवर सोन्या-चांदीच्या तारांनी फारसी कवितेच्या ओळी बसवल्या जाऊ लागल्या.

त्याच पंधराव्या शतकात आपल्या बाजूला बिदर होतं.

मराठी माणसाला हे शहर दामाजीपंतांच्या गोष्टीतून आधी भेटतं. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारं लुटवणारे दामाजी, त्यांच्यासाठी विठू महार होऊन बेदरच्या बादशहापुढे पैसे ओतणारा विठ्ठल आणि त्याने घेतलेली पावती. नकाशात पाहिलं तर बेदर आम्हाला आणखी जवळ आहे. परळीला आगगाडीत बसलं की लातूर रोड, उदगीर, कमलनगर, भालकी करत गाडी बिदरला जाते. १९५६ पर्यंत आमचा बीड आणि बिदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, आणि आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात मोडत. भाषावार राज्यं झाली तेव्हा ते तीन तालुके इकडे आले आणि बिदर तिकडे राहिलं. पण बाजारहाट, सोयरीक आणि बोली यांच्यावर अशी रेघ मारता येत नाही.

बहमनी सुलतान अहमदशहा वली (१४२२ ते १४३६) याने गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली. त्याची ओढ इराणकडे होती. किरमाणजवळच्या माहानच्या शाह निअमतुल्ला वली या सूफी संताच्या घराण्यातली माणसं त्याने बिदरला बोलावली. संताचा मुलगा खलीलुल्ला इथेच राहिला आणि त्याची चौखंडी, म्हणजे कबरीची इमारत, बिदरजवळ अष्टूरच्या वाटेवर उभी आहे. तिच्या दरवाजावर काळ्या दगडात सुलुस लिपीतली जी ओळ कोरली आहे, ती शिराझच्या मुगीस नावाच्या लेखनकाराची. अक्षरांच्या उभ्या दांड्या एकामागे एक दाटीने उभ्या, आणि मधून वळणदार वेलांट्या आडव्या धावतात. बिदरला जाल तेव्हा किल्ल्याच्या आधी ही चौखंडी पाहा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

मग आला महमूद गावान, गिलानचा. तोही मुळात व्यापारी. दरबारात त्याला मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, ही पदवी होती. ख्वाजा रुक्नुद्दीनच्या बादलीवरची पदवी आठवावी. गावानने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांत जडवलेली अक्षरं होती. १६९६ मध्ये तिथे दारूचा स्फोट होऊन एक मिनार आणि पुढची बरीच बाजू कोसळली. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे नागमोडी पट्टे आजही दिसतात. ही सगळी माणसं आणि माल यायचा तो इराणच्या आखातातल्या हुर्मुझ बंदरातून आपल्या कोकण किनाऱ्यावर, आणि मग घाट चढून. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याच वाटेने हुर्मुझहून चौलला उतरला आणि जुन्नर करून बिदरला पोचला.

बिदरच्या धातुकामाबद्दल एक परंपरागत गोष्ट सांगतात. अब्दुल्ला बिन कैसर नावाचा इराणी कारागीर सुलतानाच्या बोलावण्यावरून इथे आला आणि त्याने ही कला शिकवली. संग्रहालयांतली सगळ्यात जुनी बिदरी भांडी मात्र सतराव्या शतकातली आहेत. मला स्वतःला दुवा दिसतो तो बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात. अली बरीद या बिदरच्या सुलतानाच्या काळात (१५४२ ते १५८०) तिथल्या दालनात काळ्या कुळकुळीत बसाल्टमध्ये शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी आणि फारसी ओळी सजवल्या आहेत. काळ्यावर पांढरं. बिदरी कामाचं सगळं सौंदर्य याच दोन रंगांत आहे आणि ते धातूच्या आधी दगडात दिसतं.

हेरातच्या पितळेत पिवळ्या अंगावर चांदी बसे, आणि चांदी उठून दिसावी म्हणून मधल्या उथळ जागेत डांबरासारखा काळा लेप भरत. बिदरच्या कारागिराने तो लेप भरण्याऐवजी अख्खं भांडंच काळं केलं. त्यासाठी त्याने धातू बदलला. बिदरी भांडं पितळेचं नसतं, ते जस्ताचं असतं. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. जस्त ही भारताची जुनी कमाई आहे. हा धातू ९०७ अंशांनाच उकळून वाफ होऊन उडून जातो, म्हणून भट्टीत तो हाती लागत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला मातीच्या मुशी उलट्या टांगून ती वाफ खाली उतरवायची आणि थंड करायची युक्ती मध्ययुगातच सापडली होती. युरोपात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जस्त मोठ्या प्रमाणावर काढायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

बिदरच्या जुन्या शहरात, चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत हे काम बसून पाहता येतं. भांडं मातीच्या साच्यात ओततात. निघतं तेव्हा ते करड्या रंगाचं, खरखरीत असतं. कानशीने आणि पुढे पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत झालं की त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि त्यावर टोकदार लोखंडी सुईने नक्षी आखली की रेघ पांढरी दिसते. आखणी हातानेच होते. मग खोदकाम. भांडं मेण-राळेने घट्ट बसवलेलं, डाव्या हातात पोलादी छिन्नी, उजव्या हातात लहान हातोडी, टुकटुक टुकटुक. या छिन्नीला कारागीर ‘कलम’ म्हणतात. बोरूने कागदावर लिहिणाऱ्या शिराझच्या मुगीसच्या हातात जी होती तिलाही कलमच म्हणत. एका शब्दाने लिहिणं आणि खोदणं असं एकत्र बांधलेलं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

खाच झाली की शुद्ध चांदीची तार तिच्यात ठेवून हलक्या हाताने ठोकतात. चांदी मऊ असते, ती खाचेच्या कडांखाली पसरते आणि अडकून बसते. ना डाक, ना डिंक. बारीक तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. पत्र्याच्या पाकळ्या कापून खोल बसवल्या की ते तहनिशान. चांदीच्या सलग पत्र्यातून नक्षी कापून काढली आणि काळं फूल पांढऱ्या जमिनीवर उमटवलं की ते आफताबी. जे उठावदार, बोटांना लागतं ते जरबुलंद. या नावांत अजून फारसी आवाज आहे.

एवढं झालं तरी भांडं दिसायला काहीच नसतं. करड्यावर पांढरट, डोळ्यांनाही नीट न दिसणारं. आता माती लागते आणि ती कुठलीही चालत नाही. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांमधली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती आणतात. कारागीर चिमूटभर जिभेवर ठेवून तिची पारख करतो, कारण त्याला हवा असतो तो तिच्यातला सोऱ्यासारखा क्षार. माती, नवसागर आणि पाणी यांचा लेप करून किंचित गरम केलेल्या भांड्यावर चोळतात. क्षार जस्तावर काम करतो, पृष्ठभागावरचं जस्त झिजून तांब्याचा अंश वर राहतो आणि त्याची काळी साय धरते. चांदीला मात्र यातलं काहीच लागत नाही. लेप धुतला की जे दिसतं ते पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मघाची करडी वस्तू रात्रीसारखी काळी झालेली असते आणि तिच्यावर चांदीची फुलं उमललेली असतात. वरून तेलाचा हात फिरवला की काळा आणखी गहिरा होतो.

फुलं, हे इथे नीट पाहायला हवं. जुन्या बिदरी हुक्क्यांच्या बुडांवर, पानदानांवर, सुरयांवर, गालिच्याच्या कोपऱ्यांवर ठेवायच्या वजनांवर अफूची फुलं आहेत, कमळं आहेत, वेली, अशर्फीएवढ्या गोल बुट्ट्या आहेत. हेरातच्या भांड्यावर जागोजागी बोलणारी अक्षरं इथे क्वचितच भेटतात. ती धार्मिक वस्तूंवर आली, काही खास तबकांवर आली. बाकी बिदरला अक्षरं दगडावर राहिली आणि भांड्यांनी फुलं घेतली. अक्षरं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर सहीही गेली, असं माझं मत आहे. मजकुराच्या पट्ट्यात शेवटी स्वतःचं नाव घालायला जागा असते. वेलीच्या पट्ट्यात ती जागा कुठून असणार? हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी भांड्यांनी भरलेली कपाटं आहेत. १८५१च्या लंडनच्या जगप्रदर्शनात ही भांडी मांडली होती आणि त्यांतली काही तिथल्याच संग्रहालयात गेली. कपाटामागून कपाट पाहावं आणि पाटीवर फक्त ‘बिदर’ आणि शतक एवढंच असावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मसऊद बिन अहमद साडेआठशे वर्षांनीही नावानिशी आपल्यापुढे उभा आहे. त्याच तोडीचा बिदरचा एखादा उस्ताद, ज्याचं पानदान पाहून डोळे निवतात, कोण होता हे कुणालाच सांगता येत नाही.

आता चित्र थोडं पालटलं आहे. बिदरी कामाला भौगोलिक निर्देशन मिळालं आहे, म्हणजे गावाचं नाव कायद्याने जपलं गेलं. २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या कलेतल्या एका माणसाचं नाव सगळ्या देशाने ऐकलं. इकडे छत्रपती संभाजीनगरातही, जुन्या औरंगाबादेत, बिदरीचं काम चालतं आणि तिथले कारागीर वेलबुट्टीबरोबर अजिंठ्याच्या आकृतीही काळ्या जमिनीवर उतरवतात.

मागच्या खेपेला बिदरला मी एक लहानशी डबी घेतली. झाकणावर तारकशीची एकच वेल. उलटी करून पाहिली तर बूड कोरं, काळं. मी त्या कारागिराला म्हटलं, चाचा, इथे तुमचं नाव घाला. त्यांना वाटलं मला माझं नाव हवं आहे, त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. माझं नको, तुमचं, असं दोनदा सांगावं लागलं. ते थोडा वेळ डबीकडे बघत राहिले. मग म्हणाले, फुलाची पाकळी जराशी जाड झाली तरी ती पाकळीच राहते, अक्षर बिघडलं की लगेच वाचणाऱ्याला कळतं, आज नाही होणार, उद्या या.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा डबी कापडात गुंडाळून ठेवली होती. बुडावर चांदीच्या तारेने उर्दूत त्यांचं नाव होतं. खाली, मी न सांगताच, नागरी आकड्यांत साल.